सक्तीचा सन्मान आणि इतर निधी

"एवढे पैसे कापून घेता, त्याच्या बदल्यात शेतकऱ्याला नक्की मिळतं काय?"

हा प्रश्न माझा नाही. श्रुतिका आणि गार्गी या माझ्या दोन मैत्रिणींनी तो मला पैजेवर दिला. "हिंमत असेल तर रविवारी माईकवरून विचार, नाहीतर दहावी संपेपर्यंत तुला ताईसाहेब म्हणणार," असं त्या म्हणाल्या. मी नववीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच तिसरी आले (स्पर्धक चार होते), आणि तेव्हापासून माईक दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात. त्यामुळे मी हो म्हटलं.

आता मूळ विषयाकडे वळू. शेतकऱ्याचं भलं करू इच्छिणाऱ्यांची संख्या शेतकऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असते. आमच्या नाहूरला हे प्रमाण साधारण अडीचास एक आहे. दर रविवारी सकाळी आमच्या सोसायट्यांच्या मधल्या मैदानात 'शेतातून थेट घरात' नावाचा बाजार भरतो. त्यात शेतकरी बारा असतात आणि पदाधिकारी तीस. बाजार भरवते ती 'मातीची माया प्रतिष्ठान (रजि.)' ही संस्था. (रजि. म्हणजे रजिस्टर करायचं आहे.) शेतकरी आणि ग्राहक यांच्यामधला दलाल हटवणे, हा संस्थेचा एकमेव उद्देश. तो शंभर टक्के सफल झाला आहे. मध्ये आता एकही दलाल उरलेला नाही. तिथे प्रतिष्ठान आहे.

प्रतिष्ठानचे अध्यक्ष सुबोधसर. ते कुठेही, काहीही शिकवत नाहीत. पण सर आहेत. खजिनदार माझे बाबा, म्हणजे प्रबुद्ध. बाबांनी आयुष्यात कुणाचा एक रुपया खाल्लेला नाही. ते फक्त पावती फाडतात. आणि बाराजणांपैकी एक शेतकरी म्हणजे भीमराजकाका, बाबांचे सख्खे मोठे भाऊ. काका ओतूरहून माळशेज घाट उतरून टेम्पोने येतात, मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, मिरच्या, आलं, कढीपत्ता विकतात, आणि दुपारी आमच्याकडे जेवून परत जातात. म्हणजे सकाळी बाबा काकांकडून वसुली करतात आणि दुपारी त्यांना आग्रहाने तिसरी भाकरी वाढतात. आमच्या घरात भावना आणि प्रशासन यांची कधीच सरमिसळ होत नाही.

प्रतिष्ठान प्रत्येक शेतकऱ्याकडून दर रविवारी चार निधी घेतं. सगळे ऐच्छिक आहेत. न देणाऱ्याला पुढच्या रविवारी विश्रांती दिली जाते, एवढंच.

पहिला, जागा निधी. मैदान प्रतिष्ठानला फुकट मिळालं आहे. ते फुकट मिळवायला किती खेपा घालाव्या लागल्या याची शेतकऱ्यांना जाणीव राहावी म्हणून हा निधी.

दुसरा, मंडप निधी. मंडप स्टेजवर असतो. शेतकरी मंडपाबाहेर बसतात, कारण त्यांना उन्हाची सवय असते, असं कार्यकारिणीने एकमताने ठरवलं आहे. (पालेभाजीला ती सवय नसते, पण पालेभाजी सभासद नाही.)

तिसरा, प्रबोधन निधी. सकाळी नऊ ते दहा, म्हणजे अख्खं नाहूर पिशवी घेऊन खाली उतरतं नेमकं तेव्हा, शेतकऱ्यांना स्टेजसमोर बसवून 'ग्राहकाशी कसे बोलावे' यावर मार्गदर्शन केलं जातं. तेवढ्या वेळात ग्राहकाशी बोलायला स्टॉलवर कुणी नसतं. पण ते आल्यावर किती छान बोलतील!

चौथा माझा सर्वांत आवडता, सन्मान निधी. दर रविवारी एका शेतकऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सन्मान होतो, आणि त्याचा खर्च बाराही जणांकडून घेतला जातो, कारण सन्मान हा साऱ्या शेतकरीवर्गाचा असतो. शाल एकच आहे. फोटो निघाला की ती घडी घालून परत जाते. नारळही तोच आहे. सुरुवातीला तो हलवला की आत पाणी वाजायचं, आता वाजत नाही. काकांचा आतापर्यंत तीनदा सन्मान झालाय. आमच्या घराण्यात एवढा मान कुणालाच मिळालेला नाही, बाबांना तर लग्नातसुद्धा नाही.

त्या रविवारी सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. (तिसऱ्या क्रमांकाचा फायदा.) मी स्टेजकडे जाताना काका टेम्पोतून क्रेट उतरवत होते.

"काय गं वाघीण, आज काय डरकाळी फोडणार?"

"सरप्राइज आहे, काका."

"फोड. फक्त त्यातनं नवा निधी निघाया नको. चारपर्यंत जमतंय कसंबसं. पाचवा निघाला तर मी बसलो घरी, सांगून ठेवतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं, ही गोष्ट नोंदवून ठेवते. कारण पुढे जे झालं ते मी ऐकलंच नसल्यासारखं झालं.

दीपप्रज्वलन झालं. सरांचं प्रास्ताविक झालं. शेतकरी हा देशाचा कणा आहे, असं सर तीन वेळा म्हणाले. पहिल्या रांगेत श्रुतिका आणि गार्गी तोंडावर हात ठेवून बसल्या होत्या. मी माईक घेतला, घसा साफ केला आणि एका दमात विचारून टाकलं.

स्पीकरची कूं तेवढी ऐकू आली. बाबांच्या हातातलं पावतीपुस्तक मिटलं. गार्गी "मेली ही" असं म्हणाल्याचं मला ओठांवरून कळलं.

सर मात्र उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"शाब्बास, ऋतिका! अतिशय मूलभूत प्रश्न. नव्या पिढीने असेच प्रश्न विचारले पाहिजेत. शेतकऱ्याला काय मिळतं? आपण याचा मुळापासून अभ्यास करू. त्यासाठी सात जणांची मूल्यमापन समिती आत्ताच जाहीर करतो. समितीचं चहापाणी, प्रवास, अहवालाची छपाई, प्रकाशन समारंभ... यासाठी पुढच्या रविवारपासून एक छोटासा मूल्यमापन निधी. शेतकऱ्यांच्याच हिताचा असल्यामुळे तो शेतकऱ्यांनीच द्यावा, हे ओघाने आलं."

सूचक सर, अनुमोदक सर. ठराव मंजूर. टाळ्या पुन्हा वाजल्या, आणि खरं सांगायचं तर पहिली टाळी माझ्याच हातून वाजली, सवयीने.

समोर काका बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहून दोन्ही हात जोडले. "पोरी, आता अजून काय इचारू नको. परवडायचं नाय."

मी स्टेजवरून उतरून बाबांना गाठलं. "बाबा, हे काय? मी उलटं विचारलं होतं ना!"

"कळलं गं मला. पण आता काय करणार? ठरलंय वरून."

वरून म्हणजे सातव्या मजल्यावरून. सर तिथे राहतात.

प्रबोधन सुरू झालं. काका अडकले. मला काहीतरी प्रायश्चित्त घ्यायचं होतं, म्हणून मी त्यांच्या स्टॉलवर जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाजीच्या पलीकडच्या बाजूने नाहूरकडे पाहिलं.

सर्वांत आधी श्रुतिकाची आई आली. काकूंच्या स्टेटसला त्या दिवशी 'जेवण्यापूर्वी शेतकऱ्याचे आभार मानलेत का?' असं होतं, मागे सूर्योदय, पुढे बैलजोडी. काकूंनी मेथीची एक जुडी घेतली. मग म्हणाल्या, "वरून थोडी कोथिंबीर टाक गं." टाकली. "कढीपत्त्याची एक काडी." टाकली. मग चार मिरच्या त्यांनी स्वतःच घेतल्या, आणि जाता जाता आल्याचं एक बोट मोडून पिशवीत सोडलं. मेथी त्या बहुधा निमित्तापुरती घेत असाव्यात.

त्यांच्यामागे एक दादा आले, त्यांनी वरून लिंबू मागितलं. लिंबू आम्ही विकत नव्हतो, तर ते रागावले. एका ताईंनी टोमॅटोचा भाव अर्ध्यावर आणला, आणि मिळालेला आनंद साजरा करायला वरून आणखी एक टोमॅटो घेतला. त्या ताई आदल्या आठवड्यात मॉलमध्ये पॉपकॉर्न घेताना माझ्या पुढेच उभ्या होत्या. तिथे त्यांनी वरून एक दाणाही मागितला नव्हता. उलट थँक यू म्हणाल्या होत्या.

माझ्या पाहणीचे निष्कर्ष असे. तासाभरात ग्राहक आले छत्तीस. वरून मागणारे पस्तीस. छत्तिसाव्या आजोबांनी मागितलं नाही, सरळ उचललं.

प्रतिष्ठानबद्दल माझं मत तिथल्या तिथे बदललं. प्रतिष्ठान निदान ठराव करतं, पावती देतं, शाल घालतं, भले काढून का घेईना. हा वरूनचा निधी कुणी बसवला? सभा कधी झाली? सूचक कोण? काही पत्ता नाही, आणि तरी वसुली शंभर टक्के! कुठल्याही सरकारला इतका यशस्वी कर आजवर जमलेला नाही. बदल्यात शेतकऱ्याला काय मिळतं, याचंही उत्तर मला समितीशिवाय मिळालं. त्याला 'ताजी आहे ना रे?' हा प्रश्न मिळतो.

तेवढ्यात माझी आई आली. "दादा नाहीत का? बरं, मग तूच दे. एक मेथी, आणि वरून मूठभर कोथिंबीर. मूठ माझी धर, तुझी नको."

मी दिली. आई आहे शेवटी.

दुपारी जेवताना काका नेहमीसारखे हसतखिदळत होते. भाकरी संपवून पाणी प्यायले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "प्रबुद्ध, पुढल्या रविवारपासनं माझी वाट बघू नका. व्यापारी शेतातनंच माल उचलतो म्हणतोय. भाव पाडतो मेला, पण भाषण करत नाय."

"दादा, असं कसं?" बाबांचा घास हातात राहिला. "तुमचं नाव आदर्श शेतकऱ्यांच्या यादीत घातलंय आम्ही."

"त्याचा बी निधी असंल."

"तसा नाममात्र आहे," बाबा म्हणाले. बाबांना खोटं बोलता येत नाही.

आई म्हणाली, "दादा, रविवारी तुम्ही नसलात तर घर खायला उठेल हो." आणि ती खरंच कळवळली होती. मुठीतल्या कोथिंबिरीची चटणी तिच्या ताटात होती, हा निव्वळ योगायोग.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि तू तोंड पाडू नको. प्रश्न झकास होता तुझा."

मला रडू येत होतं, आणि मला रडायचं नव्हतं. म्हणून मी उभी राहिले. माईक नव्हता. लागलाही नाही.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. पुढच्या रविवारी काका येणार. मैदानात नाही, खाली आपल्या पार्किंगमध्ये. बाबा, स्कूटर त्या दिवशी बाहेर रस्त्यावर लावा. वजन मी करणार, पैसे मी घेणार. शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. बाबा, तुम्ही पावतीपुस्तक घेऊन आलात तर रांगेत उभं राहायचं आणि मेथी घेऊनच वर जायचं. आई, तुझी मूठ मोजली जाईल. मूठभर कोथिंबीर दहा रुपये, पाटी लावणार आहे. श्रुतिकाच्या आईला पण तोच दर, सरांना पण तोच. सवलत कुणालाच नाही. फक्त एका जातीच्या गिऱ्हाइकाकडून मी पैसे आधी घेणार आणि जुडी नंतर देणार. शेतकऱ्यांबद्दल लिहिलेलं कुठे काही दिसलं की जे शेवटपर्यंत वाचतात आणि 'किती खरं आहे' म्हणून मान हलवतात, त्यांच्याकडून. मान हलत असताना त्यांचा हात कुठल्या टोपलीत असतो, ते मी आज पाहिलंय."