कृष्णकांतरावांची गुळवेल

गुळवेल फुकट मिळते, आणि फुकट मिळणाऱ्या औषधावर कृष्णकांतरावांची अपार श्रद्धा. नंदनवन कॉलनीत कुणाच्या तरी कुंपणावरून त्यांनी हातभर तुकडा तोडून आणला आणि घरच्या संत्र्याच्या बुडाशी खोचला. बस, एवढंच केलं. रिटायर झालेल्या माणसानं नुसतं बसून राहावं असं लोक म्हणतात, ते उगाच नाही.

संत्र्याचं झाड त्यांच्या बायकोचं, नीलाताईंचं. त्यांची लेक भैरवी काटोलला संत्र्याच्या बागायतदारांकडे दिलेली. तिथल्या विहीणबाई, गोपिकाबाई, भर लग्नात बोलून गेल्या होत्या, "शहराच्या अंगणात संत्र्याले निसती पानंच येतात." त्या एका वाक्याच्या रागावर नीलाताईंनी झाड वाढवलं. यंदा ते पहिल्यांदाच फळांनी लगडलं होतं. दिवाळीआधी टोपलीभर संत्री काटोलला पोचवायची आणि विहीणबाईंचं तोंड गोड करून कायमचं बंद करायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं.

पावसाळ्यात गुळवेल जी सुटली ती थेट झाडाच्या शेंड्यावर गेली. मग तिच्यावर अळ्या आल्या, काळपट, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या.

"अहो, अळ्या झाल्यात. काढून टाकू का?"

"हात लावू नको. उद्याची फुलपाखरं आहेत ती." कृष्णकांतरावांनी (मोबाईलवर सकाळीच आलेलं) ज्ञान पाजळलं. "आणि बघ, गुळवेलच खाऊन राहिल्या. संत्र्याच्या पानाला तोंडसुद्धा लावत नाहीत. किती सज्जन आहेत."

त्यातला एक सज्जन त्यांनी लोणच्याच्या बरणीत पाळला. तोंडाला फडकं बांधलं, रोज गुळवेलीची ताजी पानं घातली. (नीलाताईंना तापात पाण्याचा पेला द्यायला या माणसाला कधी सुचलं नव्हतं.)

संत्र्यांना रंग चढायला लागला आणि ती गळायला लागली. रोज सकाळी झाडाखाली सडा. वरून फळ चांगलं, पण नीट पाहिलं की सालीला टाचणीएवढं भोक, आणि आत सगळं सडलेलं. नीलाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. कृष्णकांतरावांच्या डोक्यात मात्र प्रकाश पडला, आणि तो तिथे पडला की घरात अंधार ठरलेला.

"हे सुईचं काम आहे," ते म्हणाले. "आपल्या शेजारी कंपाउंडर कोण?"

शेजारचे रुपराव जन्मभर एका दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांचा गुन्हा तेवढाच.

"त्यांना आपल्या संत्र्यांशी काय करायचं?"

"जळून राहिले ते आपल्यावर."

नीलाताई अडवेपर्यंत कृष्णकांतराव भिंतीशी पोचले होते. रुपरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"भाऊ, मी जनमभर लोकांले सुया टोचल्या, त्या पगार घेऊन. तुमच्या संत्र्याले फुकट काहून टोचू?"

कृष्णकांतराव आवाज चढवून घरात आले. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचं काम त्यांनी साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं पार पाडलं.

अशात दिवाळीच्या तोंडावर गोपिकाबाई स्वतःच येऊन थडकल्या. नीलाताईंनी उरलीसुरली धड संत्री ताटात रचली. विहीण एक उचलणार, तोच कृष्णकांतरावांनी भिंतीवरून रुपरावांनाही हाक मारली. पाहुण्यांसमोर त्यांना खजील करायचा बेत होता. रुपराव आले ते बहुधा गंमत बघायलाच.

"आधी आमचं निसर्गप्रेम बघा," म्हणत कृष्णकांतरावांनी बरणी आणली. कालच त्यातल्या कोषातून त्यांचं 'फुलपाखरू' बाहेर आलं होतं. दिवेलागणीची वेळ. फडकं सुटलं, आणि वाळक्या पानासारखा एक जाडजूड पतंग भिरभिरत ताटाकडे गेला. सगळ्यात देखण्या संत्र्यावर बसला. सोंड काढली, सालीवर टेकवली आणि खुपसली.

"टोचणारा सापडला," रुपराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी संत्रं उचलून पतंग झटकला. "हा आमच्या बगीच्यातबी येते. अळी असते तवा गुळवेल खाते, पंख फुटले का संत्र्यावर बसते. आम्ही बांधावरची गुळवेल हुडकून हुडकून उपटतो. अन् तुम्ही थेट झाडाच्या बुडात लावली, व्याहीबुवा?"

"पण बघा ना," व्याहीबुवा क्षीण आवाजात म्हणाले, "त्यालासुद्धा आपलीच संत्री गोड लागली."

गोपिकाबाईंनी दुसरं संत्रं सोललं, फोड तोंडात टाकली आणि नीलाताईंचा हात धरला. "लय गोड हाय वं. मीच चुकीचं बोलली होती." नीलाताईंना हसू आणि रडू एकदमच आलं. उरलेली सगळी संत्री त्यांनी विहिणीच्या पिशवीत भरली, त्यातली दोन काढून रुपरावांच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी गुळवेल मुळासकट उपटून टाकली.

संध्याकाळी भैरवीचा फोन आला. कृष्णकांतरावांनीच उचलला.

"बाबा, सासूबाई खूश आहेत. दिवाळीला दोघांनाही बागेत बोलावलंय."

"बघ, माणसं मोठ्या मनाची आहेत," कृष्णकांतराव छाती फुगवून नीलाताईंना म्हणाले.

"फक्त एक सांगितलंय," पलीकडून भैरवी म्हणाली. "आईला सरळ आत येऊ द्यायचं. तुमचे मात्र फाटकावर खिसे तपासायचे."