फ्लॅट फिट, बिल्डर आउट

पुण्यात घर घेताना माणूस बुडतो तो शब्दांनी, असं शुभंकर वानखडेचं ठाम मत होतं. तो मूळचा वाशिमचा, नोकरी हिंजवडीत. दोन वर्षं फ्लॅट बघत हिंडल्यामुळे हे सगळे शब्द त्याला इतके पाठ झाले होते, की कंपनीच्या कँटीनमध्ये लोक डबा घेऊन त्याला शोधत यायचे. कार्पेट म्हणजे घरात जिथे सतरंजी अंथरता येते तेवढी जागा. बिल्ट-अप म्हणजे सतरंजी आणि भिंती. सुपर बिल्ट-अप म्हणजे सतरंजी, भिंती आणि जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली यांत आपला जो काही हवेतला हिस्सा असतो तो. हे सगळं तो पोळीवर भाजी मांडून दाखवायचा. पोळी बहुतेक वेळा समोरच्याची असायची.

त्याची बायको नम्रता नारायण पेठेतली. तिच्या मते नवऱ्यालाच कार्पेट म्हणायला हरकत नव्हती, कारण तो कुठेही अंथरला जायचा.

शेवटी धायरीत अकराव्या मजल्यावरचा एक फ्लॅट ठरला. बाल्कनीतून खडकवासल्याच्या बाजूचे डोंगर दिसत होते, आणि तेवढ्यावर नम्रताने होकार दिला. इमारत पूर्ण होत आली तशी एक दिवस बिल्डरच्या ऑफिसातून ऋतिकाचा फोन आला. फिट-आउट पझेशन देतोय, किल्ली घ्यायला या, असा निरोप.

किल्ली हातात ठेवताना ऋतिका म्हणाली, "सर, फिट-आउट पझेशन म्हणजे काय, ते एकदा सांगते..."

शुभंकरने हात वर करून तिला थांबवलं. "मॅडम, आमच्या कँटीनमध्ये हे मी शिकवतो."

खरं म्हणजे हा शब्द त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. पण एकदा गुरुजी झालेल्या माणसाला प्रश्न विचारायची सोय राहत नाही. येताना गाडीत नम्रताने तोच प्रश्न त्याला विचारला, तेव्हा तो सिंहगड रोडचा एक सिग्नल सुटेपर्यंत विचारात पडला आणि मग म्हणाला, "फ्लॅट फिट, बिल्डर आउट. आता त्याचा आपल्याशी संबंध संपला."

"आणि आपण?"

"आपण इन."

त्याच संध्याकाळी त्याने वाशिमला आईला कळवलं, घराचा ताबा मिळाला. मुक्ताबाईंचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला होता. दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागे. आपल्या घराची वास्तुशांत डोळ्यांदेखत व्हावी, एवढी एकच गोष्ट त्यांनी मुलाकडे आजवर मागितली होती, आणि तीही फक्त देवासमोर. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी सगळी गल्ली गोळा केली.

ठरलेल्या दिवशी पहाटे वाशिमची एक आख्खी बस स्वारगेटला उतरली. मामा, मावश्या, त्यांच्या सुना नि जावई, तरणे भाचे, शेजारच्या दोघी, आणि मांडीवर तांब्याची कळशी घेऊन रात्रभर बसून आलेल्या मुक्ताबाई. रिक्षांची रांग धायरीत इमारतीपाशी येऊन थांबली. गुरुजी आधीच आले होते. आचारीही पातेली घेऊन आला होता. शुभंकर नव्या सोवळ्यात सगळ्यांना घेऊन लिफ्टकडे निघाला, आणि वॉचमनने सांगितलं की लिफ्ट बंद आहे.

बंद म्हणजे बिघडलेली नव्हती. तिला माणसं न्यायची सरकारी परवानगीच अजून मिळाली नव्हती. शुभंकर म्हणाला, असं कसं होईल, किल्ली घेतली तेव्हा आम्ही वर जाऊन आलो. वॉचमनने शांतपणे सांगितलं की तुम्ही गेलात ती बाहेरची, बांधकामाची लिफ्ट. ती गेल्या आठवड्यात उतरवून दुसऱ्या साइटवर नेली. जाता जाता त्याने हेही सांगितलं की वर पाणी नाही आणि वीजही नाही.

शुभंकरने पिलरच्या आड जाऊन ऋतिकाला फोन लावला. ती बिचारी अदबीने बोलली. फिट-आउट पझेशन म्हणजे फक्त आत फर्निचरचं काम करून घ्यायला दिलेली किल्ली. राहायला जायचं ते महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र आल्यावर, पाणी आणि लिफ्टही तेव्हाच. "मी सांगणार होते सर," ती म्हणाली, "पण तुम्ही शिकवता म्हणालात."

तो पिलरआडून बाहेर आला तेव्हा नम्रता समोरच उभी होती. चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. "म्हणजे बिल्डर इन," ती म्हणाली, "आणि आपण आउट."

तरण्या भाच्यांनी चढून जायचं ठरवलं. त्यांतला एक अकराव्यावर पोचल्याची खात्री झाली, कारण त्याचं उपरणं वरून खाली आलं. मामा पाचव्या मजल्यावरून परतले आणि डोंगर तिथूनही दिसतात म्हणाले. गुरुजींनी आपल्या पोटाकडे बघून सांगितलं की मंत्र ते कितीही म्हणतील, पण मजले तीनच्या वर नाहीत. शुभंकरने आईला खुर्चीत बसवून वर न्यायचा बेत काढला. मुक्ताबाईंनी आधी खुर्चीकडे आणि मग ती उचलायला तयार झालेल्या जावईबापूंकडे पाहिलं, आणि त्या खालीच बसल्या. त्यांचे गुडघे घरातल्या उंबरठ्यालाही कुरकुरत.

शुभंकर त्यांच्यापुढे उकिडवा बसला. कँटीनमधला एकही शब्द त्याच्या कामाला येईना. आई, चुकलं माझं, एवढंच तो कसंबसं म्हणाला.

मुक्ताबाईंनी सभोवार नजर फिरवली. "बाबू, हे आपुन बसलो थे जागा कोनाची हाय?"

"हे पार्किंग आहे आई. आपलंच. त्या पिलरपासून या पिलरपर्यंत. कव्हर्ड आहे, पण कार्पेटमध्ये धरत नाहीत."

"कवर म्हनजे डोक्यावर छत, ना?"

"हो."

"मंग झालं." मुक्ताबाईंनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले. "जिथं माये टोंगये, तिथं घर. मांडा पाट."

गुरुजींनी थोडे आढेवेढे घेतले, पण मुहूर्त टळत होता आणि आचाऱ्याचा शिरा जमिनीवरच होता. पाट मांडले. होमाचा धूर वर जायला छताची अडचण झाली, म्हणून तो आडवा पसरून सगळ्या इमारतभर फिरला, आणि चौथ्या मजल्यावरचे रंगारी आग लागली समजून खाली धावत आले. त्यांनाही जेवायला बसवलं. वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. आग्नेयेला पिलर होता. त्याच्या बुडाशी एक खड्डा बुजवायचा राहिला होता. साइटवरच्या एका गवंड्याने प्रतिमा त्यात ठेवून वर असं घट्ट सिमेंट भरलं, की गुरुजी खूश होऊन म्हणाले, "आता प्रलय आला तरी हलणार नाही."

मुक्ताबाईंनी त्या ओल्या सिमेंटला हळद-कुंकू वाहिलं आणि डोळे पुसले. शुभंकरला वाटलं, चला, जिवावर बेतलं होतं पण निभावलं.

पावसाळ्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र आलं, लिफ्ट सुरू झाली आणि दोघं राहायला आले. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारात एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे राहिले. हे सर्जेराव. इमारत ज्या शेतावर उभी होती ते शेत त्यांचं. त्यांनी पाणी घेतलं, घराचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की तुमची गाडी आमच्या जागेत लागतीय. त्या बाजूचं सगळं कव्हर्ड पार्किंग जमीनमालकाच्या वाट्याला आलेलं होतं.

"पण ऋतिका मॅडमनी मला तीच जागा दाखवली होती," शुभंकर म्हणाला.

"दावली आसंल," सर्जेराव म्हणाले. "दावली म्हंजी दिली न्हवं."

फोनवर ऋतिकानेही तेच सांगितलं, फक्त त्यासाठी तिने टेन्टेटिव्ह असा शब्द वापरला. शुभंकरच्या वाट्याची जागा इमारतीमागे होती, उघड्यावर, सांडपाण्याच्या टाकीशेजारी. त्याने मान खाली घालून सर्जेरावांना सांगितलं की जागा घ्या, पण तिथे पिलरखाली आमचा देव आहे, आणि तो काही निघत नाही. सर्जेरावांनी हे फार गंभीरपणे घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांची जीप तिथे लागली, पुढे नारळ फुटला, आणि तेव्हापासून ते चपला बाहेर काढून जीपमध्ये बसू लागले.

दिवाळीला मुक्ताबाई आल्या. लिफ्टने वर गेल्या, प्रत्येक भिंतीवरून हात फिरवला, बाल्कनीत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग पणती घेऊन देवाला लावायला खाली उतरल्या. जीपपाशी सर्जेरावांची गाठ पडली आणि शुभंकरने इतके दिवस लपवलेलं सगळं त्यांना कळलं.

"मंग आमच्या घराची शांत राह्यलीच का?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हायली न्हाय मावशी," सर्जेराव आदराने म्हणाले. "आमच्यात झाली."

वर आल्यावर मुक्ताबाई रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या की मी आता पुन्हा वाशिमला जाते ती शांत करूनच. शुभंकरने तिथल्या तिथे गुरुजींना फोन लावला. लिफ्ट चालू आहे, पाणी आहे, वीज आहे, तुम्ही फक्त या, अशी विनवणी केली.

गुरुजी येतो म्हणाले. तारीखही दिली. आणि वर म्हणाले, "तेवढा खरेदीखताचा इंडेक्स टू आधी व्हॉट्सॲप करून ठेवा. जागा कोणाच्या नावावर आहे ते बघूनच मी हल्ली कलश मांडतो."