दोनशे चाळीस पुंगळ्या

१९५८ साली कुवेतमध्ये हत्ती नव्हते. हे कंपनीला माहीत होतं, सरकारला माहीत होतं आणि ब्रॅकेनसाहेबांना तर पक्कं माहीत होतं. तरी साहेबांकडे हत्ती मारायची रायफल होती. आफ्रिकेतून येताना त्यांनी ती सोबत आणली होती. तिच्या नळीत करंगळी आरामात जायची. दर दोन महिन्यांनी साहेब जहरा गावाच्या पलीकडे वाळवंटात जायचे, तेलाची रिकामी पिंपं रांगेत उभी करायचे आणि त्यांच्यावर चाळीस गोळ्या झाडून प्रसन्न चेहऱ्याने परत यायचे.

एवढ्या जाड बंदुकीची काडतुसं बाजारात कुठून मिळणार? साहेब ती घरीच भरायचे. झाडलेल्या पितळी पुंगळ्या पुसायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी दाबायची. व्हरांड्यात बसून, सोनाराने नथ घडवावी तितक्या निगुतीने हे काम चाले. मात्र भरलेलं काडतूस काय, रिकामी पुंगळी काय, सगळं ठेवायचं कंपनीच्या स्टोअरमध्ये, असा नियम होता. आणि स्टोअरकीपर होता हर्णैचा अब्बास, जो एक खिळा हलला तरी लिहून ठेवायचा.

अब्बासच्या मुलीचा, झुलेखाचा, निकाह दोन तारखेला ठरला. मुंबईची बोट आदल्या महिन्याच्या अठराला सुटणार, ती चुकली तर पुढची थेट निकाहानंतर. रजा मंजूर झाली होती. फक्त स्टोअरचा चार्ज हाताखालच्या झहूरकडे द्यायचा आणि 'येणं बाकी नाही' असा वरका, म्हणजे दाखला, घ्यायचा. त्यासाठी तपासनीस आले बाणकोटचे बदरुद्दीनभाई. आपल्या किनाऱ्यावरचा माणूस! अब्बासने खुशीत चहा मागवला.

बदरुद्दीनभाईंनी चहा घेतला आणि विचारलं, "सहा वेळा चाळीस चाळीस रिकाम्या पुंगळ्या जमा. म्हणजे दोनशे चाळीस. फळीवर किती आहेत?"

"चाळीस."

"बाकीच्या दोनशे?"

"भाई, त्याच या! साहेब त्याच परत परत भरतात. रिकाम्या परत दिल्याचं शेऱ्यात लिहिलंय बघा."

"शेरा मोजत नाहीत," बदरुद्दीनभाई म्हणाले. "रकाना मोजतात. रिकामी वस्तू म्हणजे भंगार, आणि भंगार बाहेर द्यायचा रकानाच नाही. दोनशे पुंगळ्या गहाळ. परक्या मुलखात दारूगोळा गहाळ, अब्बास! तुला बोटीत कोण चढू देईल?"

 अब्बास धावत साहेबांकडे गेला. साहेब पोट धरून हसले आणि त्यांनी लगेच चिठ्ठी दिली: ही काडतुसं मी स्वतः माझ्या व्हरांड्यात तयार करतो.

बदरुद्दीनभाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. "तयार करतो? म्हणजे उत्पादन. उत्पादन होतं तिथे कारखाना. कारखान्याला मंजुरी आहे?"

अशा रीतीने साहेबांचा व्हरांडा दारूगोळ्याचा कारखाना झाला. त्यावर पाटी लागली. कामाचे तास ठरले, शुक्रवारची सुट्टी ठरली. मालक आणि मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, एकच माणूस चालत नाही म्हणून मुदीर झाला अब्बास. आगीच्या बंदोबस्तासाठी वाळूच्या तीन लाल बादल्या हव्या होत्या. बादल्या होत्या, वाळू स्टोअरच्या साठ्यात नव्हती. तेव्हा वाळूसाठी तीन कोटेशनं मागवली. दोन व्यापाऱ्यांनी अब्बासच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. तिसऱ्याने दुकानाच्या पायरीवरूनच फावडं भरून दिलं आणि रीतसर पावतीही दिली.

"आता झालं?" अब्बासने विचारलं. बोटीला पाच दिवस उरले होते.

"मालाची परीक्षा राहिली. काडतूस उडतं की नाही, हे कसं कळणार?"

"उडवून."

"मग उडवा. चाळीसच्या चाळीस. मालात भेदभाव नको."

साहेबांना एवढं आनंदाचं सरकारी काम जन्मात मिळालं नव्हतं. चाळीस काडतुसं भरून त्यांनी एका दुपारीच सगळी झाडली. अहवाल आला: माल शंभर टक्के उत्तम, शिल्लक शून्य. अब्बासने, सवयच ती, चाळीस रिकाम्या पुंगळ्या जमा करून घेतल्या आणि रजिस्टरात लिहिल्या. बदरुद्दीनभाईंनी बेरीज केली. जमा दोनशे ऐंशी, फळीवर चाळीस. गहाळ आता दोनशे चाळीस.

 अब्बासला रडू येत होतं आणि हसूही; दोन्ही एकदम आल्याने त्याला ठसका लागला.

संध्याकाळी बदरुद्दीनभाई त्याच्या खोलीवर जेवायला आले. पापलेटाचा काटा बाजूला ठेवत मायेने म्हणाले, "अरे बाबा, एवढ्याशा गोष्टीला केवढा पसारा केलास! पितळेच्या नळ्या काप की दोनशे चाळीस. मला आकडा हवाय, पुंगळी कुठे हवीय?"

"तौबा! मग हे ऑफिसात का नाही सांगितलंत?"

"ऑफिसात मी लाच घेत नाही, खोटंही बोलत नाही," बदरुद्दीनभाई दुखावल्या आवाजात म्हणाले. "थोडा रस्सा वाढ."

दुसऱ्या दिवशी झहूरने कंपनीच्या गेस्टहाउसमधल्या पडद्यांच्या पितळी दांड्या उतरवल्या. त्या रजिस्टरात कधी चढल्याच नव्हत्या, त्यामुळे कागदोपत्री गेल्याही नाहीत. करवतीने तुकडे झाले. बदरुद्दीनभाईंनी ते दोनदा मोजले. एका तुकड्यात पडद्याची कडी लोंबत होती, ती काढून त्यांनी अब्बासला दिली. "ही जास्तीची आहे. जास्तीचं आपल्याला नको." आणि शिक्का मारला. तीन आठवडे खरं बोलून जो वरका मिळाला नाही, तो खोटं देऊन पाच मिनिटांत मिळाला.

बोट मिळाली. झुलेखाचा निकाह थाटात झाला, आणि तिला हसताना पाहून अब्बासचा सगळा शीण गेला. जेवणानंतर त्याने व्याह्यांना ही हकीकत सांगितली. वाळूची कोटेशनं ऐकून व्याही गंभीरच राहिले. कारखान्याच्या पाटीवर त्यांनी मान डोलावली. मग काळजीने विचारलं, "पण व्याहीबुवा, तुम्ही आधी खरं लिहिलंत कशाला?"

अख्खा मांडव खदखदून हसला. काझी हसले, अब्बासची बायको बानू पदर तोंडात कोंबून हसली. बदरुद्दीनभाईंवर कुणीच हसलं नाही. उलट माणूस अडचणीला उभा राहिला, असंच जो तो म्हणाला.

आणि वाचकहो, तुम्ही उगाच मान हलवू नका. 'या शहाण्याने चाळीसच लिहून ठेवायच्या होत्या ना' हे तुमच्या मनात कितव्या ओळीला आलं, तेवढं सांगा. तपासनिसाची एक जागा रिकामी आहे. तुमची परीक्षा आत्ताच झाली.