पुढच्या वर्षीचा एक नंबर

राजन कोरगावकरनं चिठ्ठी उघडली, पुन्हा घडी घातली आणि जरा थांबून पुन्हा उघडली. आकडा आठच होता. सेक्शनमध्ये माणसंच आठ असल्यामुळे याहून वाईट चिठ्ठी निघणं शक्य नव्हतं.

फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर जहाजांचं वेळापत्रक आखणाऱ्या या सेक्शनमध्ये रजेची वाटणी अशीच होई. दर दोन वर्षांनी, जूनमध्ये, सेक्शनमधलीच सुचित्रा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठ्या काढायला लावी. एक नंबरवाल्यानं पुढच्या बारा महिन्यांतले आपले तीन आठवडे सगळ्यांच्या आधी निवडायचे, मग दोन नंबरवाल्यानं, असं आठापर्यंत. एका वेळी दोघांनाच रजा मिळायची. अन्याय नको म्हणून दुसऱ्या वर्षी हेच नंबर उलटे, म्हणजे आठ नंबरवाला पुढच्या वर्षी एक नंबरवर.

पण राजनला पुढचं वर्ष नको होतं. त्याला हा डिसेंबर हवा होता. सत्तावीस तारखेला कुडाळला त्याच्या आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. वडिलांच्या पंच्याहत्तरीला त्याला रजा मिळाली नव्हती. तो सोहळा त्यानं मोबाइलवर पाहिला, त्यातही ऐन औक्षणाच्या वेळी नेट गेलं, आणि पुढच्या नागपंचमीपर्यंत वडीलच राहिले नाहीत. ही गोष्ट तो कुणाजवळ बोलत नसे, पण विसरतही नसे. आईनं तर फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, "तू येत असशील तर करूया. नाहीतर राहू दे. मला काही चंद्र मोजायची हौस नाही."

डिसेंबरमधल्या दोन जागांपैकी एक बाप्टिस्टची. हा वसईचा माणूस एकोणतीस वर्षं या टर्मिनलवर होता, केस कोळशासारखे काळे करायचा आणि यंदा एक नंबर मिळाल्यामुळे नाताळला घरी जाणार होता. एखाद्या माणसाचा नाताळ मागायचा नसतो, एवढं राजनला कळत होतं. दुसरी जागा दोन नंबरवाल्या हनीफची. म्हणजे हनीफलाच पटवायला हवं होतं.

कसं, ते घरी कळलं. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा सुजीत सोफ्यावर आडवा होऊन फुटबॉल बघत होता. अमेरिकेतला फुटबॉल, म्हणजे जो पायानं कमी आणि डोक्यानं धडका देत जास्त खेळतात तो. पण आत्ता खेळ नव्हताच. सुटाबुटातले चार जण वाद घालत होते.

"हे काय चाललंय?"

"ड्राफ्ट ट्रेड, पापा. न्यू प्लेयर्स आले की टीम्स नंबरनं पिक करतात. लास्ट आलेली टीम फर्स्ट पिक करते. पण दे कॅन सेल द नंबर."

राजन सोफ्याच्या कडेवर टेकला. "नंबर विकता येतो?"

"ऑफ कोर्स. देअर्स अ चार्ट. पहिल्या पिकला थ्री थाउजंड पॉइंट्स, दुसऱ्याला ट्वेंटी-सिक्स हंड्रेड, मग डाउन अँड डाउन. टोटल मॅच झाली की डील."

"आणि पुढच्या वर्षीचा नंबर?"

"तो पण सेल होतो. बट चीपर. नेक्स्ट इयरचा फर्स्ट राउंड म्हणजे धिस इयरचा सेकंड राउंड."

"का बरं? माणूस तर तसलाच मिळणार ना?"

सुजीतनं टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं, "बिकॉज द कोच माइट गेट फायर्ड. नेक्स्ट इयर इज समबडी एल्सेस प्रॉब्लेम."

हे वाक्य राजननं ऐकलं, पण लक्षात घेतलं नाही, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. त्यानं लगेच कागद घेतला आणि आठ नंबरांचा तक्ता केला. यंदाच्या एक नंबरला हजार गुण, दोनला साडेआठशे, असं उतरत आठला शंभर. पुढच्या वर्षीच्या एक नंबरला कसर कापून आठशे. आपला पुढचा एक अधिक आपला यंदाचा आठ, म्हणजे नऊशे. हनीफच्या साडेआठशेला नऊशे! कोणता शहाणा नाही म्हणेल?

दुसऱ्या दिवशी हनीफनं तक्ता नीट वाचला. मग राजनकडे नीट पाहिलं.

"राजनभाई, इतना सस्ता क्यों?"

"सस्ता नहीं, चार्ट के हिसाब से है. अगला साल थोडा डिस्काउंट में जाता है."

"अगला साल डिस्काउंट में..." हनीफनं आवाज खाली आणला. "सब खैरियत है ना? कंपनी ने कुछ बोला क्या?"

"अरे नहीं, ये फुटबॉल का सिस्टम है."

"समझ गया, समझ गया. मैं किसी को नहीं बोलूंगा." आणि त्यानं तक्ता दोन्ही हातांनी परत केला.

हनीफनं खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त सुचित्राला विचारलं, की राजनभाईंची नोकरी गेली की ते स्वतःच चाललेत. आखातात माणूस उद्याची वस्तू आज स्वस्तात काढतो तो एकाच कारणानं, हे पोराबाळांनाही ठाऊक असतं. फुजैरा लहान, आपली माणसं मोजकी. चहाच्या वेळेपर्यंत राजन कॅनडाला निघाला होता. जेवणाच्या सुट्टीत त्याचा व्हिसा रद्द झाला होता.

संध्याकाळी राजन घरी आला तर बायको, छाया, दारातच उभी.

"आपण कुठे चाललोय?"

"कुठे म्हणजे?"

"मला काय माहीत! सुचित्राचा फोन आला होता. म्हणाली, तुमचा सोफा मी घेते, बाराशे दिरहॅम देते, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये झाले, दुसऱ्या कुणाला बोलू नका. मग खालचा वॉचमन वर आला, फ्लॅट कधी खाली होणार म्हणून. कुणाच्या तरी मेव्हण्याला आपलं पार्किंग हवंय. आणि मला इतक्या जणींनी 'काळजी घे गं' म्हटलंय, की मी खरंच रडून घेतलं थोडं. आता सांग, का रडले मी?"

राजननं सांगितलं. छायानं ऐकून घेतलं.

"सुजीतचा तो दांडगाईचा खेळ बघून तू ऑफिसात आपलं पुढचं वर्ष विकायला काढलंस?"

"फक्त रजेचा नंबर गं."

"लोकांना काय कळतं नंबर आणि वर्ष! आधी सुजीतला सोफ्यावरून उठव. सुचित्रा उद्या बघायला येतेय."

पुढचे दोन दिवस राजननं तक्ता घेऊन उरलेल्यांचे उंबरठे झिजवले, की कुणी मध्ये पडून हनीफला समजवावं. पण ज्यानं त्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि कागद परत दिला. जो माणूस पुढच्या वर्षी नाही, त्याचा पुढच्या वर्षीचा नंबर कोण घेणार? राजनला आता रजेपेक्षा ते पाठीवरचे हात जास्त टोचू लागले. आपण इथून गेलो तर आपल्या जागेवर, पार्किंगवर, सोफ्यावर कोण बसेल हे लोकांनी इतक्या पटकन ठरवलेलं असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाप्टिस्ट स्वतःच त्याच्या टेबलापाशी आला. "तो कागद दाखव बघू, मॅन."

त्यानं चष्मा पुसून तक्ता वाचला. "म्हणजे माझा या वर्षीचा एक नंबर तुला. तुझा पुढच्या वर्षीचा एक नंबर मला. असं होतं ना?"

"सर, तुमचा नाताळ आहे. मी तुमच्याकडे मागायला आलोच नव्हतो."

"म्हणून तर मी आलो. होतं की नाही ते सांग."

राजन प्रामाणिक होता. "होतं, पण तक्त्याप्रमाणे माझे दोनशे कमी पडतात. वर काहीतरी द्यायला हवं."

"मग चहा सांग. कडक." बाप्टिस्टनं खिशातून पेन काढून सहीच केली. "यल्ला, चल, तू पण कर."

तासाभरात अर्सलानसाहेबांनी राजनला केबिनमध्ये बोलावलं. सेक्शनचे मॅनेजर, कराचीचे, मितभाषी. रजेच्या अदलाबदलीचा कागद त्यांच्यापुढे होता आणि पेनचं टोपण बंद होतं.

"राजनभाई, मैंने सुना आप जा रहे हैं. नोटिस पीरियड में छुट्टी नहीं मिलती, आपको पता है."

राजनच्या डोळ्यांसमोर कुडाळचा हॉल आणि राहू दे म्हणणारी आई उभी राहिली. त्यानं अख्खा अमेरिकन फुटबॉल हिंदीतून समजावला. आखातात बसून हे काम करणं सोपं नाही.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. "यानी कोच को नौकरी जाने का डर होता है, इसलिए अगला साल सस्ता बेचता है."

"जी सर."

"और आपने अगला साल सस्ता बेचा."

"जी सर... नहीं सर!" राजन खुर्चीतून उठलाच. "मैं कहीं नहीं जा रहा. मां का फंक्शन है, बस. अगले साल भी यहीं हूं, इन्शाल्ला."

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. "अच्छा हुआ. बाप्टिस्ट मई में रिटायर हो रहा है. उसकी पोस्ट के लिए मैंने आपका नाम भेजा है. उसने मना किया था, किसी को बताना नहीं." सही करता करता त्यांचा हात थांबला. "लेकिन एक बात बताइए. अगले जून का नंबर लेकर वो करेगा क्या?"

पुढच्या वर्षी कोण नसणार याचा शोध सगळ्या फुजैरानं लावला होता, फक्त माणूस चुकला होता.

बाप्टिस्ट पँट्रीत कप धूत होता. राजन दारातच थांबला.

"सर, तुम्ही मेमध्ये चाललात."

"साहेबांनी सांगितलं वाटतं. पोटात काय राहत नाही त्यांच्या."

"मग हा नंबर तुमच्या काय कामाचा? आपण फाडून टाकू कागद. मला नको असला डिसेंबर."

"सही झाली, खलास." बाप्टिस्टनं नळ बंद केला. "अरे, एकोणतीस वर्षांत बावीस नाताळ इथं काढले मी. तेविसावा काढला म्हणून काय होतंय? मेनंतर मी घरीच. बायको, सुझी, फोनवर दोन दिवस ओरडेल, मग केक कुरियर करेल."

"तसं होतं तर सरळ द्यायचं होतंत ना मला."

"फुकट घेतलं असतंस?"

घेतलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"पण मी तुम्हाला दिलं काय?" राजननं विचारलं. "एक चहा?"

बाप्टिस्टनं कप पालथा घातला आणि हात पुसले.

"अरे बाबा, साठी झालेल्या माणसाला इथं पुढचं वर्ष कोण देतं? कंपनी देत नाय, व्हिसावाले देत नाय. तू दिलंस, ते पण लेखी."