सॅन्टनची टकटक

"त्या टकटक गाडीतून माझी पोर लग्नाला चर्चला जाणार नाय! दर रविवारी फादरचं प्रवचन लांबलं की तुम्ही आधीच बाहेर जाऊन गाडी चालू करता, अख्खं चर्च मागे वळून बघतं," रिटाने नवऱ्याला सुनावलं. "भाड्याची गाडी सांगा."

सॅन्टनला ते फार लागलं. लेक रोझमेरी जन्मली तेव्हा त्याने तिला याच डुक्कर फियाटमधून घरी आणलं होतं. ती नवरी होऊन याच गाडीतून निघेल, हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं. पण आता इंजिनातले टॅपेट असे टकटक वाजत की सॅन्टन कुठे निघाला, ते सगळ्या भुईगावला कळे.

"आवाज घालवला तर?"

"तर बघू."

टॅपेट थंड इंजिनावरच बसवायचे, हा सॅन्टनचा नेम. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी हलली नाही आणि रिटा बाजाराला पायी गेली. त्याने फट मोजायची गेजची पत्ती सरकवत एकेक टॅपेट बसवला, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून ठिणगीचं टायमिंग जुळवलं आणि गाडी चालू केली.

"बंद पडली?" रिटाने विचारलं.

"चालू हाय!" म्हणताना सॅन्टनचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी नवरीला घेऊन तो वाडीच्या अरुंद रस्त्याला लागला. पहिल्याच वळणावर दयारामचा केळ्यांचा टेम्पो समोर उभा.

"अरे, तुझी टकटक कुठंय?" दयाराम ओरडला. "ती ऐकूनच आम्ही पलीकडे थांबतो ना!"

सॅन्टनने गाडी मागे घेतली, टेम्पोला वाट दिली. पुढच्या वळणावर दूधवाला. पुन्हा मागे. तिसऱ्या वळणावर तर फुलांनी सजवलेली मोटार अंगावर आली. आत खुद्द नवरदेव! रस्ता चुकलेला, आणि मागे पाहुण्यांच्या तीन गाड्या.

शेवटी नवरानवरी उतरून चर्चपर्यंत चालत गेली. रोझमेरीच्या पांढऱ्या झग्याचा घोळ नवरदेवाने धरला होता, तरी तो चिखलातून फरफटलाच. नवरदेवाची मोटार आणि पाहुण्यांच्या गाड्या उलट्या सरकत निघाल्या आणि त्यांच्यामागे तापलेली फियाट, अगदी मुकाट.

चर्चच्या दारात रोझमेरीने चिखलाने भरलेला झगा दाखवला. "पप्पा, जाताना जुनाच आवाज पायजे."

"नायतर मीसुद्धा चालत येईन," रिटा म्हणाली.

टॅपेट बिघडवायचे झाले तरी नीटच बिघडवायला हवेत. सॅन्टनने बॉनेट उघडं टाकलं, पाना कोटाच्या खिशात घातला आणि लेकीला वेदीपाशी पोचवून फादरच्या कानाशी वाकला.

"फादर, आज प्रवचन जरा लांबवा. इंजिन थंड व्हायला पायजे."