लाखमाकाकांनी न पाहिलेले गोल

आमच्या कैनाडचे लाखमाकाका आम्हा पोरींच्या फुटबॉलची एकही मॅच चुकवत नाहीत, आणि आजवर त्यांनी एकही गोल पाहिलेला नाही. चेंडू डावीकडे गेला की सगळ्यांच्या माना डावीकडे वळतात, काकांची उजवीकडे. तिकडे एखादी खेळाडू एकटीच उभी असते, तिला ते बघत बसतात. गोल झाला, आरडाओरडा झाला की शेजारच्याला विचारतात, "कोणी घातला?"

एकदा मी चिडून म्हटलं, "काका, जरा चेंडूकडे बघा की!"

"चेंडू गोल असतो, माहीत आहे मला. रोज रोज त्यात काय बघायचं? माणूस बघ."

लग्नातही तेच. सगळे मांडवात अक्षता टाकतायत आणि हे मागे आचाऱ्यापाशी, "सकाळपासून काही खाल्लंस का रे?" सरावलीच्या पोरींशी आम्ही हरलो तेव्हा अख्खं गाव रेफ्रीच्या नावाने बोंबलत होतं. काका म्हणाले, "त्यांची गोलकीपर लंगडतेय. घरी कशी जाईल?" आणि तिला सोडायला माझ्याच भावाची मोटरसायकल काढायला लावली.

त्यांना कोणी काही बोलायची सोय नव्हती, कारण आमचं मैदान म्हणजे त्यांचं शेत. भात कापून झालं की स्वतः जागा सपाट करून द्यायचे. त्या शेतात मी इतके गोल केले की पुण्याच्या एका क्लबने मला बोलावून घेतलं.

पुण्याला गेले आणि माझा खेळच गेला. पाय तेच, बूट तर आधीपेक्षा भारी. पण मी मोकळ्या जागेत धावायची आणि चेंडू भलतीकडेच जायचा. कैनाडला आमच्या टीममधली सविता मान वर न करता मला पास द्यायची. इथे मधल्या फळीत कोल्हापूरची रेश्मा होती. खेळायला एक नंबर, पण माझ्याकडे ढुंकून बघायची नाही. आमच्या कोच मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "तुला घेऊन मी चुकले असं मला वाटत नाही. पण या महिन्यात जमलं नाही, तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल."

मी आईला फोन करून सांगितलं, परत येते.

त्या शनिवारी सरावाला मैदानाच्या कडेला बघते तर लाखमाकाका! इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी.

"तुम्ही इथे कसे?"

"काम होतं पुण्यात," म्हणाले आणि बसले.

सराव संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तोंड का बंद होतं तुझं? कैनाडला बोंबलायचीस तर माझी गुरं बिचकायची. इथे एक शब्द नाही. त्या पोरीला कसं कळणार तू कुठे आहेस ते?"

मग मी सांगितलं. पहिल्याच दिवशी मी आमच्या बोलीत ओरडले होते, "माला दे गं!" सगळ्या खो खो हसल्या. दुसऱ्या दिवशी होस्टेलवर माझ्या उशीवर झेंडूची माळ. माला मागितली होती ना मी! मस्करीच ती, पण तेव्हापासून माझा आवाज बाहेर पडेना.

काका हसले नाहीत. उठून सरळ रेश्मासमोर जाऊन बसले आणि पिशवीतून नाचणीच्या भाकऱ्या अन् सुक्या बोंबलाची चटणी काढली. "खा. आणि ऐक. ही 'माला' म्हणाली की समज, 'मला' म्हणाली."

रेश्मा वासानेच दचकली. मग तिसरी भाकरी मागून घेतली. खाता खाता मला म्हणाली, "अगं, ती माळ मीच ठेवली हुती. चेष्टा केली. तू त्यावर बोलायचीच बंद झालीस. मला वाटलं, लई शिष्ट हाय ही."

पुढच्या मॅचला मी पोटातून ओरडले, "माला दे!" चेंडू बरोबर पायात आला. आता तर अख्खी टीम "माला दे" ओरडते, आणि मॅडमनी मला ठेवून घेतलं.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलंच. मी काकांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. तिथल्या एका बाकड्याकडे बोट दाखवून ते सहज म्हणाले, "काल इथेच झोपलो."

"काल? तुम्ही कालच आलात?"

"दुपारी उतरलो. तुझं मैदान कुठे ते एकाला विचारलं. त्याला आपली बोली कळेना, 'काय? काय?' करायला लागला. मग नाही विचारलं कोणाला. सकाळी झाडू मारणारी बाई आली, तिनेच विचारलं, बाबा, कुठं जायचंय. तिने रिक्षात बसवून दिलं."

"आणि जेवलात काय?"

काका चपलांकडे बघत म्हणाले, "भाकऱ्या तुझ्यासाठी होत्या."

आमच्याकडच्या अच्छाडच्या नाक्यापलीकडे एकट्याने कधी न गेलेला माणूस. कँटीनमध्ये बसवून त्यांना पोटभर खायला घातलं. मग चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन, आमच्याच बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ओ दादा, आमचे काकांना डहाणूला जायाचा हाय! गाडी कठं लागं?"

सगळं स्टँड वळून बघायला लागलं. मला जराही लाज वाटली नाही. काकांनी मात्र गाडीच्या दारापर्यंत माझ्या ट्रॅकसूटची बाही घट्ट धरून ठेवली होती.