सुशीलाक्कांचा आईबापांचा वर्ग

आमच्या तळमजल्यावरच्या सुशीलाक्का तीन वर्षांच्या पोराला 'अहो' म्हणतात आणि त्याच्या बापाला 'अरे'. "अहो अद्वैतराव, बसा की. ए, तू रे, चप्पल नीट काढ!" नवा बाप दचकून मागे वळून बघतो. मागं कुणी नसतं.

अक्का मूळच्या निपाणीच्या, निवृत्त शिक्षिका. बनशंकरीत एकट्या राहतात आणि दर रविवारी सकाळी घरातच आईबापांचा वर्ग घेतात. मुलांना गोष्ट कशी वाचून दाखवावी, न ओरडता कसं वागवावं, हा विषय. मुलाची तक्रार मुलासमोरच करायची आणि त्याचं उत्तर ऐकायचं, हा नियम. एक बाई म्हणाल्या, "ही जेवतच नाही." लेक शांतपणे म्हणाली, "भाजी वाईट असते." अक्का आईकडं वळल्या, "सरी, बरोबर आहे. आता तू बोल."

अक्कांवर लिहायची परवानगी मागितली तेव्हा म्हणाल्या, "लिही. पण स्वतःचं झाकून माझं तेवढं उघडं करू नकोस." म्हणून सांगतो. आमचा मिहिर नऊ वर्षांचा. शाळेत इंग्रजी आणि कन्नड, मराठी फक्त घरात. त्यामुळं मराठी वाचताना अडखळायचा आणि मी दर शब्दाला टोकायचो. एकदा तर पुस्तकच हातातून हिसकावलं. त्यानंतर मी खोलीत आलो की त्याचं वाचन बंद. बायकोनं मला मिहिरसोबत वर्गाला धाडलं ते यासाठी.

तिथं मला गोष्ट वाचायला लावली. मी सरकारी कारखान्यात इंजिनिअर. येते तशी वाचली.

"ए इंजिनिअर, स्वल्प थांब! कोल्हा बोलतोय की टेंडर उघडतोयस?"

सगळे हसले. मिहिरही हसला, पण माझ्याकडं न बघता.

एका रविवारी जेवताना तो आईला म्हणाला, "खालच्या आजींनी आज पुस्तक उलटं धरलं होतं. गोष्ट मात्र बरोबर सांगितली."

"वय झालंय त्यांचं," मी म्हटलं. तो संध्याकाळी आपलं पुस्तक घेऊन खाली गेला. बऱ्याच वेळानं मी त्याला बोलवायला उतरलो आणि जिन्यातच थांबलो. अक्कांचं दार उघडं होतं. मिहिर वाचत होता, मोठ्यानं.

मध्येच त्यानं विचारलं, "आजी, तुम्हाला अक्षरं दिसत नाहीत ना?"

अक्कांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"सावल्या दिसतात हो. गोष्टी पाठ आहेत, त्यावर चाललंय. कळलं तर लोक म्हणतील, अक्का, आता विश्रांती घ्या. आठवडाभर विश्रांतीच आहे की! रविवारी तेवढी माणसं येतात."

"मी रोज येऊन वाचीन. पण मी चुकतो."

"चुका की. मला कुठं दिसतंय?"

तो हसला आणि पुढं वाचू लागला. एका शब्दावर अडला. तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी तोंड गच्च मिटलं. तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि दारातून मी त्याला दिसलो. तो गप्प झाला.

"काय झालं हो? कोण आलंय?"

मिहिर माझ्याकडं बघत राहिला.

"कुणी नाही," तो म्हणाला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.